मशालीतले दोन सेल

यंदा संक्रांत झाल्यावर माळा आवरायला काढला. खरवईच्या या घरात राहायला येऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी माळ्यावरची पत्र्याची एक ट्रंक आजवर उघडलीच नव्हती. २००९ साली शाळेतून निवृत्त झालो तेव्हा जे काही बरोबर आणलं होतं ते तिच्यात होतं. प्रमाणपत्रं, काही वह्या, पुठ्ठ्याची एक ढाल आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली मशाल.

ही मशाल खरी नव्हे, नाटकातली. पत्र्याचा हातभर दांडा, वर पत्र्याचाच शंकू, शंकूत नारिंगी आणि पिवळ्या जिलेटिन कागदाच्या उभ्या कापलेल्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये टॉर्चचा बल्ब आणि दांड्याच्या पोटात दोन मोठे सेल. खटका दाबला की पट्ट्या आतून उजळायच्या. मुलाने हात हलवला की त्या थरथरायच्या आणि दहाव्या रांगेतून अगदी जाळ वाटायचा.

खटका दाबला. अर्थातच काही झालं नाही. मागचं झाकण फिरेना. पक्कड लावून ओढलं तेव्हा आतून पांढरी-हिरवी पूड सांडली. सेल पाझरून दांड्याला आतून चिकटून बसले होते. नात तिथेच उभी होती. ती पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. मी मशाल भंगारात टाकायला बाजूला ठेवली तशी ती म्हणाली, "आबा, थांबा. ही चार्जिंगची करून देते. आपल्या सोसायटीतल्या मुलांचं शिवजयंतीचं नाटक आहे ना?"

चार्जिंगची मशाल! मला हसूच आलं. पण तिने ती कशी केली ते सांगण्याआधी ही मशाल मुळात का झाली ते सांगायला हवं. ते सांगायचं गेली चाळीस वर्षं मी टाळत आलो आहे.

मी १९७४ साली मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत लागलो. शिकवायचो मराठी आणि इतिहास. विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचाही तास माझ्याच गळ्यात पडे. गॅदरिंगचं नाटक बसवणं हे काम मात्र मी आनंदाने अंगावर घेई. १९८२ च्या गॅदरिंगला सिंहगडाचा प्रसंग होता, मीच लिहिलेला. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, म्हणजे मशाली हव्यातच. वीज भरवशाची नव्हती, मंचावर दोन गॅसबत्त्या टांगलेल्या होत्या. आम्ही काठ्यांना चिंध्या गुंडाळल्या, रॉकेलमध्ये बुडवल्या आणि आठवीतल्या चार मुलांच्या हातात पेटते पलिते दिले. आज हे लिहितानाही अंगावर काटा येतो. तेव्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच. झटापटीच्या वेळी एका मुलाच्या अंगरख्याची बाही पेटली. मी पडद्याआडून धावलो, घोंगडी टाकली. मुलगा वाचला, पण उजवं मनगट आणि हाताची मागची बाजू भाजली. तो डाग त्याच्या हातावर कायम राहिला. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले तेव्हा मी मान खाली घालून उभा होतो. ते एवढंच म्हणाले, "सर, होतं असं. तुम्ही काय मुद्दाम केलंत?" त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं.

पुढच्या वर्षी चित्रकलेच्या सरांनी आणि मी मिळून ही बॅटरीची मशाल केली. दांडा गावच्या कासाराने वळवून दिला. अशा चार केल्या होत्या, त्यातली ही एक उरली.

आता जरा मागे जाऊ. हातात दिवा धरून लोकांसमोर उभं राहायचं हे आपल्याकडे नाटकाहूनही जुनं आहे. खंडोबाचा कुळाचार असलेल्या घरात दिवटी आणि बुधली असते. दिवटी म्हणजे धातूची मूठ आणि वर चिंध्यांचा काकडा. बुधली म्हणजे तेलाचं भांडं. गोंधळी गोंधळ घालताना दिवटी नाचवतो आणि ती मंदावली की बुधलीतलं तेल तिच्यावर ओततो. दिवटी तीच, काकडाही बराच वेळ तोच, पुन्हा घालायचं ते फक्त तेल. तमाशाच्या बोर्डापुढे टेंभे धरत त्याचीही रीत हीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. या दोन्हींच्या मधल्या साऱ्या काळात प्रकाश म्हणजे वात आणि तेल. वात पुरवायची, तेल घालायचं.

मला वाटायचं, नाटकात बॅटरीची वस्तू हे आमच्यासारख्या गरीब शाळांचं साठ-सत्तर सालानंतरचं डोकं. तसं मुळीच नाही. आणि चार्जिंग हे मोबाईलनंतरचं, हेही नाही.

१८८२ च्या नोव्हेंबरात पुण्यात 'सौभद्र'चा पहिला प्रयोग झाला. (पहिले तीनच अंक तेव्हा झाले होते.) त्याच महिन्यात, २५ तारखेला, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीचं 'आयोलान्थी' हे संगीत नाटक सुरू झालं. हे थिएटर वर्षापूर्वीच विजेच्या दिव्यांनी संपूर्ण उजळलं होतं. सार्वजनिक इमारतींमध्ये ते जगात पहिलं मानतात. 'आयोलान्थी'त पऱ्यांचा मेळा आहे. त्यातल्या प्रमुख पऱ्यांच्या केसांत काचेचे इवले इवले विजेचे दिवे चमकले आणि प्रेक्षक थक्क झाले. दिवे जोसेफ स्वान यांच्या कंपनीचे. आणि वीज? ती प्रत्येक नटीच्या पाठीवर, कपड्यांच्या आड दडवलेल्या छोट्या साठवण-बॅटरीतून येत होती. प्रयोग झाला की बॅटरी पुन्हा भरायची. आपण दिवाळीत लावतो त्या माळांना इंग्रजीत 'फेअरी लाइट्स' म्हणतात, ते नाव या पऱ्यांशी जोडलं जातं.

म्हणजे बघा, रंगमंचावरच्या बॅटरीच्या वस्तूंमध्ये गाजलेली ही पहिली वस्तू चार्जिंगचीच होती!

हे वाचलं तेव्हा मी सालं लिहून काढली. इतिहासाच्या मास्तरची ही खोड जात नाही. व्होल्टाने आपली चकत्यांची चळत १८०० साली जगापुढे ठेवली. पुन्हा भरता येईल अशी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने केली १८५९ ला. तिच्या पट्ट्यांवर लेप देऊन ती कामाजोगी केली कामीय फोरने, १८८१ ला. पऱ्यांच्या अवघं वर्षभर आधी. आणि आपल्या ओळखीच्या सेलचा पूर्वज, जॉर्ज लेक्लांशेचा घट, १८६६ चा. तोही काचेच्या बरणीतला, ओला. आडवा केला की सांडणारा. त्याला कोरडा करून जस्ताच्या डबीत बंद केलं जर्मनीच्या कार्ल गास्नरने १८८६ ला. म्हणजे भरून वापरायची बॅटरी आधी आली आणि वापरून फेकायचा सेल नंतर. आपल्या मनात हा क्रम अगदी उलटा बसलेला असतो.

दोन्हींत फरक काय, हे मी वर्गात असं सांगायचो. शिशाच्या बॅटरीत वीज देताना पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं. उलट दिशेने वीज सोडली की तेच सल्फेट फिरून शिसं आणि शिशाचा ऑक्साइड होतं. घर तेच राहतं, आतली माणसं फक्त जागा बदलतात. कोरड्या सेलचं तसं नाही. त्याची बाहेरची जस्ताची डबी हीच त्याची शिदोरी. सेल चालतो म्हणजे तो स्वतःच्या भिंती खात असतो. मधे कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची काळी पूड आणि नवसागराचा लगदा. हा नवसागर म्हणजे कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच. भिंत झिजून भोक पडलं की लगदा बाहेर येतो. माझ्या मशालीत झालं ते हेच. अशा सेलमध्ये उलटी वीज सोडली तर जस्त जिथून गेलं तिथे नीट परत बसत नाही, आत वायू साठतो, सेल फुटू शकतो. म्हणून त्यावर लिहिलेलं असतं, चार्ज करू नका.

इथे शेजारी अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना होता, जुन्या लोकांना आठवेल. काडी एकदाच पेटते. कोरडा सेल हा त्या काडीच्या जातीचा. प्लांतेची बॅटरी दिवटीच्या जातीची.

मग जग काडीकडे का वळलं? माझ्या मते कारण साधं आहे. शिशाची बॅटरी जड, आत आम्ल, सांडलं तर कपडे जळणार, आणि ती भरायला विजेचं घर जवळ हवं. सेल मात्र दुकानात मिळतो, पोस्टाने जातो, खिशात राहतो. १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेलच्या हातबत्तीला पेटंट मिळालं. कागदाची नळी, आत सेल, पुढे बल्ब. त्या सेलना फार वेळ धग धरवत नसे, बत्ती क्षणभर लावून लगेच विझवायची. इंग्रजीत तिला 'फ्लॅशलाइट' म्हणतात ते यावरूनच. गंमत म्हणजे त्याच १८९९ साली स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने निकेल-कॅडमियमची पुन्हा भरायची बॅटरी केली. पण घराघरात शिरली ती हातबत्ती.

आपल्याकडे एव्हरेडीची कंपनी कलकत्त्यात १९३४ साली नोंदली गेली. नवाच्या आकड्यातून उडी मारणारी ती काळी मांजर माझ्या पिढीतल्या कोणाला आठवत नाही? टॉर्चला आपण 'बॅटरी' म्हणतो, बॅटरीला 'सेल' म्हणतो, आणि खरी बॅटरी म्हणजे ट्रॅक्टरची! खेड्यात वीज पोचण्याआधी सेल पोचला. शेतावर रात्री पाणी धरायला जाणारा माणूस, सुईण, पोस्टमन, साप दिसला म्हणून धावणारा शेजारी, सगळ्यांच्या हातात तीन सेलची बॅटरी. ट्रान्झिस्टर आला, त्यालाही सेल. सेलचे पैसे वाचवण्यासाठी आमच्या घरी आकाशवाणीच्या सातच्या बातम्या लागायच्या आणि लगेच कान पिळला जायचा.

आणि मेलेल्या सेलला जगवायचे काय काय उपाय! उन्हात ठेवायचा, चुलीच्या ओट्यावर ठेवायचा, दाताने किंवा दगडाने चेपायचा. उन्हाने थोडा फरक पडतही असे. ऊब मिळाली की आतली क्रिया थोडी चपळ होते आणि तासभर उजेड मिळतो. पण ते भरणं नव्हे, तळाशी उरलेलं खरवडणं. तरी लोकांच्या मनात ती इच्छा पक्की होती. वस्तू संपली म्हणजे ती पुन्हा भरता आली पाहिजे, हे मान्य करायला कोणाला शिकवावं लागलं नव्हतं. वस्तू फेकायची सवय मात्र शिकवावी लागली.

भरायची बॅटरीही गावात होतीच, पण ती पाहुण्यासारखी. लाउडस्पीकरवाल्याची, ट्रॅक्टरची. 'चार्जिंगला टाकली' हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलो. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, तेव्हा वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणून टीव्हीला जोडायचे. चौघे जण ती पेटी पालखीसारखी आणत. त्या बॅटरीला हार घातलेलाही मी पाहिला आहे.

असो. आता दुसरी गोष्ट, जी पहिलीपेक्षाही सांगायला जड जाते.

आमच्या चार मशालींना आठ सेल लागत. तालमी आणि प्रयोग धरून दोनदा बदलावे लागत. ट्रान्झिस्टरचे, टॉर्चचे असे गावातले संपलेले सेलही मुलं शाळेत आणून देत. कशाला? फळा काळा करायला. ज्यांनी खेड्यातल्या शाळेत शिकवलं किंवा जे तिथे शिकले त्यांना लगेच कळेल. सेल दगडाने फोडायचे, काळी पूड काढायची, वाटायची, त्यात वालाचा किंवा भोपळ्याचा पाला चेचून त्याचा रस घालायचा आणि फडक्याने फळ्यावर लावायचं. दोन हात दिले की फळा असा काळाभोर होई की खडू लखलखावा. दर सहामाहीच्या सुट्टीआधी हा कार्यक्रम. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की पाच-सहा मुलं निवडायची. निवड झालेल्यांना तो मान वाटे. कोपरापर्यंत काळी झालेली मुलं, नाकाखाली काळ्या मिशा, एकमेकांना दाखवून हसत. कार्बनच्या कांड्या वाटून घेत, त्यांनी अंगणात ठिकरीचे चौकोन आखत. पितळी टोप्या खिशात टाकत.

त्या काळच्या बहुतेक कोरड्या सेलमध्ये जस्त आतून आपोआप झिजू नये म्हणून थोडा पारा घातलेला असे. काळी पूड म्हणजे मुख्यतः मँगनीजचा ऑक्साइड. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर माणसाची चाल, बोलणं, मज्जासंस्था बिघडते. ग्लासगोच्या डॉक्टर कूपरनी हे खनिज दळणाऱ्या कामगारांमध्ये १८३७ सालीच नोंदवलं होतं. एखाद्या शनिवारच्या दुपारने असं काही होत नाही, हे मलाही कळतं. माझ्या मुलांपैकी कोणाला काही झालं असंही माझ्या ऐकिवात नाही. पण मी त्यांच्या हातात दगड आणि सेल दिले आणि तोंडाला फडकं बांधा एवढंही सांगितलं नाही. एका मुलाचा हात भाजला म्हणून मी जाळ काढून सेल आणले, आणि त्याच सेलची पूड दहा मुलांना वाटायला लावली. दोन्ही वेळा मुलांच्या भल्याचंच करतो आहे अशी माझी पक्की समजूत होती. उरलेल्या जस्ताच्या डब्या कुठे गेल्या? शाळेमागच्या ओढ्यात. तो ओढा पुढे कुठे मिळतो ते भूगोलाच्या तासाला मीच शिकवत असे.

सेलचा विषय निघाला की आणखी एक साल आठवतं. १९८४. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळला मिथाइल आयसोसायनेट सुटला. कारखाना युनियन कार्बाइड इंडियाचा. आपल्यापैकी अनेकांना ते नाव त्या सकाळच्या बातम्यांत पहिल्यांदा कळलं. पण ते तर आमच्या प्रत्येकाच्या घरात होतं. एव्हरेडीचे सेल हीच कंपनी करत होती. पुढे १९९४ साली अमेरिकन कंपनीने आपला हिस्सा विकला, त्या पैशातून भोपाळला वायुपीडितांसाठी रुग्णालय उभं राहिलं आणि १९९५ साली कंपनीचं नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं. त्या डिसेंबरात आमच्या गॅदरिंगच्या तालमी चालू होत्या. बातमी वाचून शिक्षकांच्या खोलीत सगळे सुन्न बसलो होतो. टेबलावर नवे आणलेले आठ सेल होते. कोणीतरी त्यावरचं बारीक अक्षर वाचलं. मग ते सेल मशालीत घातले आणि तालीम सुरू झाली. दुसरं काय करणार होतो?

आता नातीचं काम.

ती आधी म्हणाली, सर्वांत सोपा उपाय म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल. ते मोठ्या सेलच्या आकाराच्या प्लास्टिकच्या टोपणात बसवायचे आणि दांड्यात सारायचे, मशालीला हात लावायलाच नको. तिने तसं करूनही दाखवलं. या सेलचा दाब एकेकी १.२ व्होल्ट, जुन्या सेलचा दीड. दोन मिळून २.४. जुना बल्ब अडीच व्होल्टचा, तो मजेत लागला, किंचित तांबूस. मला तर तो उजेड जास्तच जाळासारखा वाटला. मी असतो तर तिथेच थांबलो असतो. पण पाझरलेल्या लगद्याने आतली स्प्रिंग आणि पट्टी खाऊन टाकली होती, दर दोन मिनिटांनी संपर्क तुटे. शिवाय मुलं झाकण उघडून सेल काढणार, हरवणार, चार्जर एका घरी आणि सेल दुसऱ्या घरी. तिचं म्हणणं, झाकण उघडायची गरजच पडू नये. मोबाईलची वायर बाहेरून लावली की झालं पाहिजे.

मग आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो, तीन नंबरात. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची कल्याणची छावणी, १९४९ साली तिला हे नाव मिळालं. माणसं सर्वस्व मागे टाकून आली आणि मिळेल त्यातून वस्तू घडवायला लागली. 'मेड इन यूएसए'मधलं यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही तरुणपणी कुचेष्टेने करायचो. आता त्यातली कुचेष्टा मला खटकते. तिथल्या एका अरुंद दुकानात नातीने चार वस्तू घेतल्या. एक लिथियमचा सेल, त्याला १८६५० म्हणतात. अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट लांब, म्हणून तो आकडा. (नावातच माप! कोश लिहिणाऱ्यांनी धडा घ्यावा.) त्याची खोबण, नखाएवढी चार्जिंगची पट्टी आणि पिवळे एलईडी.

लिथियम म्हटल्यावर मी धास्तावलो. मोबाईल फुटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आणि मुलांच्या हातात पुन्हा आग? नको. आमचं यावर दोन दिवस वाजलं. ती रागावली नाही, वहीत आकृती काढून समजावत बसली. या सेलचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरला की ४.२. त्याच्यावर भरायचा नाही, आणि तीनच्या फार खाली उतरू द्यायचा नाही. ती छोटी पट्टी हीच राखण करते. आधी ठरावीक प्रवाहाने भरते, ४.२ ला पोचली की दाब तोच ठेवून प्रवाह कमी कमी करत बंद होते. पट्टी घेताना संरक्षण असलेलीच घ्यायची, काही स्वस्त पट्ट्यांत ते नसतं. सेलला थेट डाग द्यायचा नाही, उष्णतेने आतून बिघडतो, म्हणून खोबण. जुन्या लॅपटॉपमधले काढलेले सेल स्वस्तात मिळत होते, ते तिने घेतले नाहीत. आणि जुना बल्ब यावर चालणार नाही, अडीच व्होल्टचा जीव चारने जळेल. पिवळ्या एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, उरलेला दाब एका रोधकाने खाल्ला.

"आणि चार्जिंगला लावून कोणी झोपायचं नाही," मी म्हणालो.

"नाही झोपणार, आबा. तुम्हीच बसा पहारा द्यायला."

बसलो खरंच. पहिल्यांदा भरताना दोन-अडीच तास मशालीसमोर खुर्ची टाकून बसलो. लाल ठिपका निळा झाला तेव्हा सुटलो. हा लिथियम-आयन सेल बाजारात आणला सोनी कंपनीने १९९१ साली, हातात धरायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. तो ज्यांच्या संशोधनावर उभा आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. निवृत्त माणसाला हे वाचून बरं वाटतं.

जुने बल्ब आणि ते दोन पाझरलेले सेल उरले. बल्ब काचेच्या कपाटात ठेवला. सेल हातमोजे घालून काढले, एका प्लास्टिकच्या बरणीत टाकले, झाकण लावलं. ओढ्यात टाकायचे दिवस गेले. २०२२ साली केंद्राने बॅटरीच्या कचऱ्याचे नवे नियम केले. २००१ चे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते, आता हे छोटे सेलही त्यात आले. बनवणाऱ्याने ते परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची आणि आपण ते इतर कचऱ्यात न मिसळता वेगळे द्यायचे, असं त्यात आहे. उत्तम. सकाळी घंटागाडी आली तेव्हा बरणी घेऊन खाली गेलो आणि गाडीवरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, सुक्यात टाका ना." त्यांचा काय दोष? वर घेऊन आलो. मग सोसायटीत कागद लावला, जुने सेल असतील तर माझ्याकडे द्या. पंधरा दिवसांत बरणी भरली. रिमोटचे, घड्याळाचे, खेळण्यांचे. ते घेणारं कोणी मिळेपर्यंत बरणी गॅलरीत, तुळशीपासून लांब ठेवली आहे. वाऱ्याची दिशा बदलली की इथे खरवईत रात्री औद्योगिक वसाहतीकडून उग्र वास येतो. खिडक्या लावायला उठलो की बरणीकडे लक्ष जातंच.

नाटक झालं, १९ फेब्रुवारीला, इमारतीच्या मोकळ्या जागेत. मशाल सबंध तालमींत एकदाच भरावी लागली होती. जिलेटिनच्या पट्ट्या नव्या लावल्या होत्या. मशालजी होता पाचवीतला एक मुलगा, त्याने ती इतकी हलवली की मावळ्यांपेक्षा टाळ्या त्यालाच पडल्या.

प्रेक्षकांत माझा तो विद्यार्थी होता. आता पंचावन्नच्या पुढचा, बदलापूरलाच पश्चिमेला राहतो, मी फोन करून मुद्दाम बोलावलं होतं. प्रयोग संपल्यावर तो मंचाच्या मागे आला. मुलगा मशाल घेऊन बसला होता, त्याच्याकडून त्याने ती मागून घेतली. उलटीसुलटी करून पाहिली, खटका लावला. मग उजवा हात, तोच, शंकूच्या तोंडावर आडवा धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पट्ट्यांचा नारिंगी उजेड त्या डागावर पडला होता.

"सर," तो म्हणाला, "ही गरमच होत नाही हो."